उत्कृष्ट? कशात?

परवा ताईकडे गेलो होतो. भाचीने प्रगतिपुस्तक आणून हातात दिलं. दुसरीतली पोर. मराठी - उत्कृष्ट, गणित - उत्कृष्ट, चित्रकला - उत्कृष्ट, सहकार्य - उत्कृष्ट. (ताई, रागावू नकोस, पोर हुशार आहेच.) तिने विचारलं, "मामा, उत्कृष्ट म्हणजे काय?" मी म्हटलं, "खूप छान." ती म्हणाली, "मग खूप छान का नाही लिहिलं?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. घरी येताना रिक्षात तेच डोक्यात.

मूळ शब्दाची फोड सरळ आहे. उत् म्हणजे वर, कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. आपली 'कृषी' त्यातलीच. वर ओढला गेलेला तो उत्कृष्ट, खाली ओढला गेलेला तो निकृष्ट. इंग्रजी एक्सलन्सच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचाही अर्थ इतरांहून वर जाणं असाच. म्हणजे दोन्हीकडे शिडी आहे, आणि शिडी म्हटली की खालच्या पायरीवर कुणीतरी उभं असायलाच लागतं. आता जुने शब्द बघा. कुशाच्या पातीला धार असते, हात न कापता ती घेऊन येणारा तो कुशल. वीणा वाजवण्यात तरबेज तो प्रवीण. जुने पंडित व्युत्पत्ती अशी सांगतात. यात शेजाऱ्याशी तुलना नाहीच. गवत आहे, हात आहे, काम आहे! सुबक, सफाईदार, हातखंडा.. आपल्या भाषेत कामाला चिकटलेले शब्द कितीतरी आहेत. ते सोडून आपण 'उत्कृष्टता' असं एक भाववाचक नाम घडवलं आणि भिंतीवर टांगलं.

भिंतीवरून आठवलं. बहुतेक ऑफिसांत एक पोस्टर असतं, उत्कृष्टतेची सवयीशी सांगड घालणारं, खाली नाव अ‍ॅरिस्टॉटलचं. ते वाक्य अ‍ॅरिस्टॉटलचं नाही. विल ड्युरांटने 1926 च्या आपल्या पुस्तकात त्याच्या विचारांचा सारांश देताना ते लिहिलं. उत्कृष्टतेचा उपदेश करणाऱ्यांनी निदान नाव तरी तपासायचं! बरं, ग्रीकांचा 'अरेते' हा शब्दसुद्धा कशाचा तरी असे. घोड्याचा अरेते पळण्यात, डोळ्याचा पाहण्यात.

हे वेड मॅनेजमेंटमध्ये जोरात पसरवलं ते 1982 च्या 'इन सर्च ऑफ एक्सलन्स' या पुस्तकाने. त्यात वाखाणलेल्या कंपन्यांपैकी वँग लॅबोरेटरीजने 1992 साली दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे तर जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' म्हणून जी सहा नावं जाहीर केली, त्यातली एक संस्था सुरूच व्हायची होती. एमिनन्स म्हणजे एक्सलन्सचा चुलतभाऊच. आधी बिरूद, काम मागाहून.

पण माझा राग पुस्तकावर नाही. तो माझ्या एका सहीवर आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक टेस्टर होता. अबोल. रिलीजच्या आदल्या रात्री दोनदा त्याने अशा चुका पकडल्या होत्या की त्या निसटत्या तर गिऱ्हाईकाची बिलं चुकली असती. अप्रेझलला वरून हुकूम आला, 'एक्सलंट' दहातल्या एकालाच. तो एक कोण, हे मीटिंगमध्ये छान बोलणाऱ्याने कधीच ठरवून टाकलं होतं. मी याला 'गुड' दिलं. त्याने विचारलं, "सर, माझ्या कामात काय कमी पडलं?" कमी काहीच पडलं नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, 'व्हिजिबिलिटी' वगैरे. चार महिन्यांनी तो गेला.

बाबा टर्नर होते, तीस वर्षं लेथवर. शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला की त्यांचा एकच शब्द, "बसलं." नाही बसला तर "नाही बसलं", आणि परत मशीनवर. शेजारच्या लेथवाल्याचं बसलं की नाही याच्याशी यांचा संबंध नसे. त्याचंही बसलं तर दोघे मिळून चहा.

"मग चांगल्या कामाचं कौतुकच करायचं नाही का?" असं माझा एक मित्र चिडून म्हणाला. अरे, करायचं की! पण काय चांगलं झालं ते सांगून करा. त्यासाठी काम बघायला लागतं, वेळ जातो. 'उत्कृष्ट' लिहायला न बघताही जमतं, म्हणूनच तो शब्द इतका लोकप्रिय आहे. भाचीच्या बाईंना दोष देत नाही. वर्गात पोरं किती, रकाने किती!

असो. पुढच्या महिन्यात पुन्हा अप्रेझल आहे. या वेळी त्या रकान्यात कुणी कुठलं काम कसं केलं ते दोन-दोन ओळींत लिहिणार आहे. एचआर फॉर्म परत पाठवेल बहुतेक. पाठवू दे, मी पुन्हा तेच लिहीन.