कढीपत्त्यावरचे भाडेकरू

मार्च महिना म्हणजे आम्हा कारकुनांच्या मागे ताळेबंदाचा ससेमिरा. यंदा एकच रविवार हाती लागला, तो घरापुढच्या सहा हात बागेत घालवला. बाग कसली म्हणा! एक कढीपत्ता, एक कागदी लिंबू, चार कुंड्या सदाफुली आणि कुंपणाला आपसूक वाढलेली घाणेरी. पण ऊन चढलं की घाणेरीवर फुलपाखरं येतात.

त्या दिवशी काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं एक फुलपाखरू फुलांकडे न बघता कढीपत्त्याभोवतीच घिरट्या घालत होतं. कोवळ्या पानाला पोटाचं टोक टेकवायचं की उडायचं. पाहिलं तर मोहरीएवढं पिवळसर अंडं! हे लाईम बटरफ्लाय. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं.

तीन-चार दिवसांत अळ्या निघाल्या. आधी अगदी पाखराच्या विष्ठेसारख्या, मग हिरव्यागार. आणि घरात भांडण सुरू झालं. आई म्हणाली, "पानं खाल्ली मेल्यांनी, वेचून टाक." शेजारचे काका तर औषधाची पावडरच घेऊन आले. धाकटी झाडापुढे उभी राहिली. आईनं काडीनं एकीला डिवचलं, तशी तिनं डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढलं. असा उग्र वास सुटला की आई दोन पावलं मागे!

आपण फुलं लावून फुलपाखरांची वाट पाहतो आणि अळी दिसली की पावडर मारतो. मग ती येणार कुठून? शिवाय तीच पानं आपल्या फोडणीत पडतात, हे काकांना सांगितल्यावर डबा परत गेला. तोड निघाली: वरच्या फांद्या स्वयंपाकाला, खालच्या अळ्यांना. अळ्यांनी ती पाळली नाही, हे सांगायला नको.

हिशेबाची सवय जात नाही. वहीत नऊ अळ्या जमा होत्या. बुलबुलानं पाच नेल्या, दोन कुठे गेल्या कळलं नाही. दोघींचे कोष झाले. त्यातला एक काळा पडला, त्याला भोक पडून बारीकशी गांधीलमाशी निघाली. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

उरलेला कोष आठवड्यानं सकाळी सातला उकलला. चुरगळलेले पंख लोंबकळत वाळत होते. मी ऑफिसला उशीर केला. आई चहाचा कप हातात धरून उभीच होती, चहा निवला. ते उडालं तेव्हा आत वळून म्हणाली, "सूनबाई, बाजारातून येताना कढीपत्ता आण गं. आपल्याला नाही उरला."