शेकडा कशावर?



जून जवळ आला की आपण घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. पोत्यातले दाणे निवड न करता सरसकट घ्यायचे, शंभर मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवड्याने उघडून पाहायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या मात्रेने पेरायचे. साठ-पासष्टच उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. हे करताना टक्केवारी म्हणजे काय, असे आपल्याला कोणी विचारत नाही आणि आपणही कोणाला विचारत नाही. शंभरातले किती, एवढाच तो प्रश्न.

पण तोच शेतकरी दिवाळीच्या किंवा लग्नाच्या खरेदीला तालुक्याला जातो, आणि ‘४० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ अशी पाटी दिसली की गप्प होतो. दुकानदार यंत्रावर बोटे फिरवून एक आकडा दाखवतो आणि आपण नोटा मोजून देतो. माल विकताना काट्यावरून नजर न हलवणारा माणूस माल घेताना मात्र दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबतो. कष्टाचा पैसा दोन्ही वाटांनी जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कोणी म्हणेल, “साहेब, आता मोबाइलमध्ये हिशेबाचे यंत्र आहे, तोंडी आकडेमोड कशाला?” यंत्र खरे, पण ते आपण विचारू तेवढेच सांगते. कोणता आकडा कशावर काढायचा, हे त्याला कळत नाही. शिवाय दुकानात गर्दी, कडेवर पोर, हातात पिशवी. अशा वेळी अंदाज डोक्यात तयार असला म्हणजे माणूस फसत नाही. पै-पैशाचा बरोबर आकडा नको. पाच-दहा रुपयांनी इकडेतिकडे झाले तरी चालेल.

सगळ्या हिशेबाचे मूळ एकच आहे. रकमेचा दहावा हिस्सा काढा. शेवटचे शून्य झाकले की दहावा हिस्सा मिळतो. ७६० रुपयांचा दहावा हिस्सा ७६. हे झाले १० टक्के. त्याची दुप्पट १५२ म्हणजे २० टक्के. त्याचे निम्मे ३८ म्हणजे ५ टक्के. ७६ आणि ३८ मिळून ११४, हे १५ टक्के. दहाव्याचा पुन्हा दहावा, म्हणजे ७ रुपये ६० पैसे, हा झाला १ टक्का. एवढ्या सामानावर कोणताही शेकडा जुळवता येतो.

आकडा आडवा-तिडवा असेल तर तो आधी सरळ करून घ्यावा. समजा, वहिनी साडी घ्यायला गेल्या.

“भाऊ, हिची छापील किंमत काय?”

“बाराशे एकोणपन्नास, वहिनी. तीस टक्के कमी करून देतो.”

वहिनींनी मनात साडेबाराशे धरावेत. दहावा हिस्सा सव्वाशे. तीस टक्के सूट, म्हणजे दहापैकी तीन हिस्से सुटले आणि सात द्यायचे राहिले. सात सव्वाशे पावणेनऊशे. “मग पावणेनऊशेच्या आतच बसली पाहिजे,” असे त्या म्हणाल्या की दुकानदारही ओळखतो, इथे हिशेब जाणणारे माणूस आहे. सूट किती हे काढून मग वजाबाकी करण्यापेक्षा, द्यायचे किती हेच थेट काढावे. काम निम्मे होते आणि चूकही कमी होते.

आणखी एक सोपी युक्ती. शेकडा आणि रक्कम यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते. ५० रुपयांचे १८ टक्के काढायचे म्हणजे डोक्याला ताण. पण १८ चे ५० टक्के म्हणजे निम्मे, ९. दोन्हींचे उत्तर ९ रुपयेच.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नवे नाही. त्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी घोकली. पाव म्हणजे २५ टक्के, निम्मे म्हणजे ५०, पाऊण म्हणजे ७५. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे होते. ‘रुपयाला चार आणे’ म्हणजे २५ टक्केच. जुन्या काळी धान्य सवाईने किंवा दिडीने उसने देत. एक पायली नेली तर सुगीला सवाईने सव्वा पायली, दिडीने दीड पायली परत. म्हणजे एका हंगामाला २५ किंवा ५० टक्के व्याज झाले. पावकी आजही उपयोगी आहे. ती आजोबांकडून नातवंडांनी शिकून घ्यावी.

आता पाट्यांकडे वळू. पाटी खोटीच असते असे नाही, पण ती नीट वाचावी लागते.

‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यात ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरात असतो. पन्नास टक्के सूट कोपऱ्यातल्या दोन-चार वस्तूंवर असते, आपल्याला हवी त्यावर दहाच असू शकते. तेव्हा वस्तू हातात घेऊन मगच दर विचारावा.

‘४० टक्के, वर आणखी २०’ याची बेरीज ६० होत नाही. हजाराची वस्तू ४० टक्क्यांनी उतरून ६०० वर आली. पुढचे २० टक्के या ६०० वर, म्हणजे १२०. वस्तू ४८० ला पडली. एकूण सूट झाली ५२ टक्के.

त्याहून गमतीची गोष्ट पाहा. ८०० रुपयांच्या मालावर कोणी २५ टक्के चढवून १,००० ची चिठ्ठी लावली आणि मग ‘२० टक्के सूट’ म्हणून विकली, तर गिऱ्हाईक देते ८००. सूट शून्य, आणि पाटी मात्र मोठी. चढवताना पाव हिस्सा ८०० वर मोजला, उतरवताना पाचवा हिस्सा १,००० वर मोजला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. यावर उपाय एकच. सूट किती हे विचारण्याआधी, ही वस्तू गेल्या महिन्यात कितीला होती आणि शेजारच्या दुकानात कितीला आहे, ते पाहावे.

‘२० टक्के जादा’ आणि ‘२० टक्के कमी’ हेही एक नव्हे. किलोच्या दरात बाराशे ग्रॅम धुण्याची पावडर मिळाली, तर फुकटची २०० ग्रॅम ही बाराशेतला सहावा हिस्सा. म्हणजे सूट सतराच्या आत. दोनावर एक मोफत म्हणजे तिनातले एक फुकट, शेकडा ३३; पन्नास नव्हे. आणि घरात एकच बाटली लागत असताना तीन आणल्या, तर तो फायदा कसला?

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. पुड्याची किंमत दहा रुपयेच राहिली, पण आतला माल १०० ग्रॅमवरून ८० वर आला, तर माल २० टक्क्यांनी घटला आणि २५ टक्क्यांनी महागला. म्हणून किमतीबरोबर वजनही वाचावे.

या सगळ्यांतून एकच गोष्ट निघते. शेकडा ऐकला की लगेच विचारावे, ‘कशावर?’ सोनाराकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ हे ऐकून निम्मा दागिना फुकट मिळाल्यासारखे वाटते. सोने लाखाचे आणि घडणावळ शेकडा १२ धरली, तर घडणावळ झाली १२,०००. तिची निम्मी ६,०००. एकूण १,१२,००० पैकी ६,००० वाचले, म्हणजे शेकडा साडेपाचच्या आत. वाचले ते बरेच झाले, पण पन्नास नव्हेत. शिवाय सूट देणाऱ्याने घडणावळच मुळात जास्त लावली आहे का, हे दुसऱ्या पेढीवर विचारून पाहावे.

आता आपल्या खास खरेदीकडे येऊ. बियाणे, कीडनाशके, सूक्ष्म अन्नद्रव्ये घेताना दुकानदार म्हणतो, “रोखीने घेतलेत तर दहा टक्के कमी, नाहीतर सुगीला द्या.” समजा, माल २०,००० चा आहे. रोखीने १८,०००. उधारीने चार महिन्यांनी २०,०००. म्हणायला ही उधारी बिनव्याजी आहे, पण मालाची खरी किंमत १८,००० आणि वरचे २,००० हे चार महिन्यांचे व्याज. वर्षाचे होतील ६,०००. १८,००० वर ६,००० म्हणजे तिसरा हिस्सा, दरसाल शेकडा ३३!

पीककर्जाशी ताडून पाहा. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला दरसाल शेकडा ७ व्याज लागते. १८,००० वर वर्षाचे १,२६० आणि चार महिन्यांचे ४२०. कर्ज वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीने दर शेकडा ४ वर येतो, आणि महाराष्ट्रात नियमित फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचाही लाभ मिळतो. म्हणजे एकीकडे २,००० आणि दुसरीकडे फार तर ४२०. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदपत्रांसाठी एप्रिल-मे मध्ये दोन खेटे घालावे लागतात, हे खरे. पण त्या दोन खेट्यांची मजुरी दीड हजारांवर पडते, हे कळले की पाय आपोआप तिकडे वळतात.

सावकारी व्याजही असेच महिन्याच्या हिशेबाने लहान दिसते. ‘दरमहा शेकडा तीन’ ऐकायला तीन, पण बारा महिन्यांचे छत्तीस. महिन्याचा दर ऐकला की बाराने गुणायची सवय लावावी.

बिलाचेही असेच. छापील किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर कोणी आणखी कर लावू लागला तर देऊ नये. आणि ‘बिल नको असेल तर पाच टक्के कमी करतो’ याला भुलू नये. तीन हजारांच्या बियाण्याच्या पिशवीवर पाच टक्के म्हणजे दीडशे रुपये. बियाणे उगवले नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे पक्के बिल, पिशवी आणि तिची खूणचिठ्ठी यांवाचून बाजू मांडणे अवघड जाते. दीडशे रुपयांसाठी एकराची दाद गमावणे हा कोणता हिशेब?

शेवटी एक गोष्ट सुचवतो. आठवड्याच्या बाजाराला जाताना शाळेतल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या आणि हिशेब त्यांच्याकडून तोंडी करून घ्या. घरातल्या बाईमाणसांनीही यात मागे राहू नये. घरखर्चाचा पैसा बहुधा त्यांच्याच हातून जातो. सरावासाठी हे एक उदाहरण.

सोळाशे रुपये छापील किमतीचा कुकर घ्यायचा आहे. पहिल्या दुकानात ‘३० टक्के सूट’. दुसऱ्या दुकानात ‘२० टक्के, वर आणखी १०’. तिसऱ्या दुकानावर पाटीच नाही. दुकानदार सरळ अकराशे सांगतो. कुकर तिन्हीकडे सारखाच. कोणाकडून घ्याल, आणि दुसऱ्या दोघांपेक्षा किती वाचतील? कागद-पेन्सिल न घेता, रात्रीची जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून सोडवा. उत्तर पुढच्या अंकात देऊ.