फटफट्यांची जत्रा

‘फटफटी’ हा शब्द आता आपल्या घरांतून हद्दपार होत चालला आहे. आजोबांच्या तोंडी तो असे, वडिलांच्या तोंडी ‘मोटारसायकल’ आली आणि आमचे विद्यार्थी तर नुसते ‘बाइक’ म्हणून मोकळे होतात. आवाज गेला म्हणून शब्दही गेला, दुसरे काय! पण तो आवाज जिवंत राहावा म्हणून रविवारची झोप, खिशातले पैसे आणि प्रसंगी स्वतःची हाडेही पणाला लावणारी माणसे या जगात आहेत. छांदिष्ट मंडळींची वाचकांशी गाठ घालून देणे हा या सदराचा नेमच आहे. तेव्हा दिवाळीच्या या अंकात आपण जाऊ इंग्लंडातल्या एका उतरत्या कुरणात.

गेल्या उन्हाळ्यात मी भाचीकडे तिकडे गेलो होतो. किल्ले आणि संग्रहालये पाहून माझे पाय दुखू लागले, तेव्हा भाचेजावई म्हणाले, “मामा, या शनिवार-रविवारी जरा चिखल पाहायला चला.” हा चिखल म्हणजे जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती. भरवणारे मंडळ अगदी लहान; आपल्याकडच्या एखाद्या हौशी नाट्यमंडळाएवढे.

हा खेळ सडकेवरचा नव्हे. टेकडीचा उतार, खाचखळगे, ओढ्याकाठचा राडा यांतून आखलेल्या वाटेवर गाड्या फेऱ्या मारतात. इंग्रजांनी याला नाव दिले ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे धडपडत, ओणवे होत चढणे. अशी पहिली शर्यत १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे झाली. पुढे युरोपाने खेळ उचलला आणि त्याला ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. १९४७ साली हॉलंडात देशोदेशींच्या संघांची पहिली लढत झाली, ती ब्रिटनने जिंकली. १९५७ पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. १९६०च्या दशकात तर हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी अर्धे इंग्लंड दूरचित्रवाणीसमोर बसून हा चिखल पाहत असे.

मग काळ फिरला. युरोपातल्या हलक्या गाड्या आल्या, पाठोपाठ जपानी आल्या. ज्या बी.एस.ए.च्या गाडीवर जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन जागतिक अजिंक्यपदे मिळवली, तो कारखाना पुढच्या दशकाच्या सुरुवातीलाच डबघाईला आला. (त्याचे नाव २०१६ साली आपल्या महिंद्र उद्योगसमूहातील एका कंपनीने विकत घेतले, हा काळाचा आणखी एक फेरा.) १९७०च्या दशकाच्या मध्यापासून चाकांना धक्के पचवण्यासाठी इतकी लांब झेप मिळू लागली, की जुन्या गाड्या त्यांच्यापुढे बैलगाड्या वाटू लागल्या. त्या गेल्या अडगळीत.

त्या अडगळीतून काहींनी त्यांना पुन्हा बाहेर काढले. नव्या गाडीशी जुनीला झुंजवणे अन्यायाचे. म्हणून कुस्तीत जसे वजनाचे गट असतात, तसे इथे गाडीच्या वयाचे गट केले. त्यांतला मानाचा गट ‘प्री-सिक्स्टी-फाइव्ह’, म्हणजे १९६५ पूर्वीच्या बनावटीचा.

या गाड्यांच्या कुळकथाही ऐकण्यासारख्या. ‘ग्रीव्ह्ज’ घ्या. बर्ट ग्रीव्ह्ज यांचा एक चुलतभाऊ पायांनी अधू होता. त्याच्यासाठी इंजिनाची तीनचाकी बनवता बनवता अपंगांच्या गाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच कारखान्यातून मोटारसायकली निघाल्या. १९६० आणि १९६१ साली डेव्ह बिकर्सने त्यांवर २५० सी.सी.चे युरोपीय अजिंक्यपद मिळवले. ज्या हातांनी न चालणाऱ्याला चालते केले, त्यांनीच पुढे धावणाऱ्याला उडायला शिकवले! दुसरी ‘मेटिस’. रिकमन बंधूंनी एकाचे इंजिन, दुसऱ्याचे आणखी काही, असे जुळवून गाडी बांधली आणि फ्रेंचमधले ‘संकरज’ अशा अर्थाचे हे नाव तिला बिनदिक्कत दिले.

कुरणात शिरताच नाकाला ओळखीचा वास आला. पाहतो तो काय, एरंडेल! जुन्या शर्यतीच्या इंजिनांना एरंडेलाचे वंगण मानवते; ‘कॅस्ट्रॉल’ हे नावच मुळी एरंडाच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. लहानपणी ज्या वासाने आम्ही माजघरातून परसात पळ काढत असू, तोच वास पिकल्या केसांचे गृहस्थ डोळे मिटून, अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगत होते.

सुरुवात पाहण्यासारखी. दोन खांबांमध्ये रबरी दोरी ताणलेली. तिच्यामागे वीस-पंचवीस गाड्या गुरगुरत उभ्या. दोरी सुटून सपकन बाजूला गेली, की सारा कळप एकाच वळणावर कोसळतो. पहिली काही मिनिटे मी स्वारांकडेच पाहत होतो. मग लक्ष गेले वळणावळणावर उभ्या असलेल्या निशाणवाल्यांकडे. कोणी निवृत्त पोस्टमन, कोणी शाळामास्तरीण. पुढे कोणी पडले, की त्यांनी पिवळे निशाण हलवायचे, म्हणजे मागच्याने सावध व्हायचे आणि ओलांडून जायचे नाही. दिवसभर उभे राहायचे, मोबदला म्हणजे दुपारची न्याहारी आणि चहा.

दुपारी एका उंचवट्यावरून उतरताना साठी उलटलेल्या एका स्वाराची गाडी घसरली. पिवळे निशाण हलले, पाठोपाठ लाल. शर्यत थांबली. फेऱ्या मोजणाऱ्यांच्या मेजापाशी बसलेली एक बाई शांतपणे उठली, पेन्सिल शेजारणीच्या हाती दिली आणि रुग्णवाहिकेत जाऊन बसली. ती त्याची बायको होती.

नियम असा, की रुग्णवाहिका मैदानावर नसेल तर एकही गाडी सुटायची नाही. तास-सव्वा तास सगळे खोळंबले. कोणी कुरकुरले नाही. एकाने तेवढ्यात आपला जादा क्लच-वायर आपल्याच प्रतिस्पर्ध्याला बसवून दिला. संध्याकाळी निरोप आला : हासळीचे हाड मोडले आहे, बाकी ठीक, आणि रोगी विचारतो आहे, की आपल्या फेऱ्या किती धरल्या?

त्याच संध्याकाळी चिटणीसांनी कर्ण्यावरून सांगितले, की उद्यासाठी दोन निशाणवाले कमी पडताहेत. ते मिळाले नाहीत तर शर्यती होणार नाहीत. आणि मंडळाचा रविवार वाया जाणे म्हणजे काय, हे भाचेजावयांनी मला समजावले. स्वतंत्र परवानगी न काढता शेतजमीन अशा शर्यतींसाठी आणि त्यांच्या सरावासाठी वर्षातून चौदाच दिवस वापरता येते, असा तिकडचा कायदा. त्यातला एक दिवस गेला. शेतकऱ्याचे भाडे, विमा, रुग्णवाहिका यांचा खर्च मात्र चुकत नाही. असे दोन-चार रविवार बुडाले, की लहान मंडळ बुडते. आणि मंडळ बुडाले, की त्या गाड्या पुन्हा अडगळीत.

मग काय, आम्ही दोघांनीही नावे दिली. रविवारी सकाळी सह्या झाल्या, निशाणांचा पाठ झाला आणि मराठीचा हा मास्तर त्या पोस्टमनांच्या देखरेखीखाली पिवळे निशाण घेऊन वळणावर उभा राहिला. एका बेट्याने माझ्या विजारीवर परगण्याचा अर्धा नकाशा उडवला, पण दिवस निर्वेध पार पडला. फेऱ्या मोजण्याच्या मेजावर ती कालची बाई पुन्हा हजर होती. नवऱ्याला बाजूच्या खुर्चीत हात झोळीत घालून बसवले होते, आणि तो तिच्या कागदात डोकावून चुका काढीत होता.

आपल्याकडे सभा संपल्यावर सतरंज्या उचलणाऱ्यांची थट्टा करण्याची रीत आहे. मला मात्र त्या कुरणात वाटले, की कोणतीही हौस तिच्या अजिंक्यवीरांवर फार दिवस तगत नाही, ती तगते सतरंज्या उचलणाऱ्यांवरच. जुनी गाडी पैशाने दुरुस्त होते. तिच्यासाठी उन्हात उभा राहणारा माणूस विकत मिळत नाही.

वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई आज विलायतेत आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाल, तेव्हा एक रविवार अशा कुरणासाठी राखून ठेवा. प्रवेशाचे पैसे आनंदाने द्या, कार्यक्रमपत्रिका विकत घ्या, चहा मंडळाच्याच टपरीवर प्या. आणि कर्ण्यावरून माणसे कमी असल्याचे कानी आले, तर हात वर करा. विजार मात्र जुनी घालून जा.