हरणांचे छप्पर, हरणांचीच भूक

हरणांसाठी झाडे लावायची आणि ती हरणांपासूनच वाचवायची, असा एक विचित्र उद्योग अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत वर्षानुवर्षे चालू आहे. ऐकताना हसू येते. मलाही आले होते.

आपल्याकडची हरणे उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा काळ म्हणजे हिवाळा. बर्फ पोटापर्यंत साचला की चालण्यात जेवढी शक्ती जाते, तेवढी वाळक्या काड्या चघळून भरून येत नाही. अशा वेळी कळप हेमलॉक आणि सीडर या सदाहरित सूचीपर्णी वृक्षांच्या दाट राईत शिरतात. (सॉक्रेटिसाला दिलेले हेमलॉक ते हे नव्हे, ती वनस्पती वेगळी.) फांद्यांवर बर्फ अडतो, वारा थोपतो आणि कळपाच्या पायांनी वाटा मळलेल्या राहतात.

ही छपरे माणसानेच उतरवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाइन लाकडासाठी आणि हेमलॉक मुख्यतः सालीसाठी, कातडी कमावण्याकरिता, बेसुमार तोडले गेले. त्या जागी ॲस्पेन, मेपल अशी पानगळीची झाडे आली. कोवळा पाला मुबलक झाला, लांडगे तर संपवलेच होते. हरणे वाढली. आता नवे छप्पर उभारावे, तर हेमलॉक आणि सीडरचे रोप हाच त्यांचा हिवाळ्यातला आवडता घास! हेमलॉकचे रोप दाट सावलीत कित्येक दशके बुटके राहून तग धरते. पण दर हिवाळ्यात शेंडा खुडला जाऊ लागला की त्याचेही काही चालत नाही.

म्हणून व्यवहारी माणूस स्प्रूस लावतो. हरीण त्याला सहसा तोंड लावत नाही. पानगळीच्या रानातली वरची काही झाडे काढून उजेडाला वाट करायची आणि रोपे एकेकटी न लावता पुंजक्यांनी लावायची, म्हणजे पुढे दाट आडोसा होतो. हेमलॉक, सीडर हवेच असतील तर भोवती जाळी, आणि ती शेंडा हरणाच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत राखायची. पाइनच्या शेंड्यावर शरद ऋतूत कागदाची टोपीही चढवतात. दरवर्षी नवी. योजना फसते ती इथे. रोप लावण्याचा समारंभ होतो, टोपी चढवण्याचा कुठेच होत नाही. हे आपल्यालाही चांगले ठाऊक आहे.

वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली विस्कॉन्सिन नदीकाठी एक उजाड शेत घेतले. पुढच्या वसंतात लावलेली बहुतेक पाइनची रोपे १९३६च्या दुष्काळात जळाली. त्यांनी पुन्हा लावली. पण याच लिओपोल्डनी १९४०च्या दशकात राज्याच्या वनसंवर्धन आयोगावरून ‘हरणांची संख्या कमी करा’ असे सांगितले, तेव्हा लोक खवळले. माझ्या मते ते बरोबर होते. विस्कॉन्सिनमधल्या मूळ रहिवासी जमातींच्या जंगलांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सुचवतो: तिथे लांडगे अधिक, हरणे कमी आणि नवी झाडे जास्त.

लांडग्यांचे नाव काढले की मात्र शिकाऱ्यांचा पारा चढतो. हरणे घटली ती लांडग्यांमुळे, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२१मध्ये विस्कॉन्सिनने परवाना शिकाऱ्यांना ११९ लांडगे मारण्याची मुभा दिली. तीन दिवसांच्या आत दोनशेहून अधिक पडले. वर्षभराने न्यायालयाने लांडग्यांना पुन्हा संरक्षण दिले, आणि वाद तिथेच राहिला.

दरम्यान मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी मुळाची एक कीड पोहोचली आहे. हेमलॉकच्या सुईसारख्या पानांच्या बुडाशी कापसाचे ठिपके दिसू लागले, की समजावे ती आली. ती झाडाचा रस शोषते आणि काही वर्षांत मोठा वृक्षही वाळतो. जाळी बांधणाऱ्याला आता फांदी उलटी करूनही पाहावी लागते.