राज्यपाल नामधारी? डहाणूत तरी नाही

राज्यपाल हे राज्याचे नामधारी प्रमुख, असं मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं. डहाणू-तलासरीत हे वाक्य अर्धंच खरं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

इंग्रजांच्या काळात मुंबई प्रांताचा गव्हर्नर हा राजाचा प्रतिनिधी. 1936 साली 'अंशतः वगळलेल्या' भागांची यादी निघाली, तीत डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा होता. आज तलासरीत असलेलं झरी तेव्हा उंबरगावात होतं. विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या अधिसूचनेशिवाय इथं लागूच होत नसे. वारल्यांचं भलं राजाचा माणूस ठरवणार! तरी वेठबिगारी चालूच राहिली आणि 1945 मध्ये वारल्यांना स्वतःच उठावं लागलं.

1950 मध्ये राजा गेला. अधिकार पाचव्या अनुसूचीत राहिला, पण उलटा होऊन. आता कायदा आपोआप लागू होतो, राज्यपाल तो इथल्यापुरता रोखू किंवा बदलू शकतात. 2020 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांनी वनहक्क कायद्यात तसा बदल केला. जिल्हा समितीनं दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपिलाची वाट उघडली.

आपल्या मोहल्ल्यात मात्र चर्चा 9 जून 2014 च्या अधिसूचनेची. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी. "सर, मग आम्ही डीएड कशाला केलं?" प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 22 एप्रिल 2020 रोजी आंध्रातलं शिक्षकांचं 100 टक्के आरक्षण रद्द केलं. राज्यपालांचा हा अधिकारसुद्धा मूलभूत हक्कांना ओलांडू शकत नाही, असं बजावलं. राजाच्या गव्हर्नरला ही वेसण नव्हती.

पण तो निकाल घेऊन आदिवासींविरुद्ध उभं राहणं मला मान्य नाही. शंभर टक्के नको म्हणणं वेगळं, संरक्षणच नको म्हणणं वेगळं. आपल्या मुलांना उर्दूतून शिकवणारा शिक्षक हवा म्हणून आपण अर्ज-विनंत्या करतो. मग घरी वारली बोलणाऱ्या पोराला त्याची बोली कळणारा शिक्षक मिळाला, तर आपण कुठल्या तोंडानं तक्रार करायची?

मागायचंच असेल तर दुसरं मागू. अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. तो मराठीत, डहाणू आणि तलासरीच्या पंचायत समितीत, कुणालाही वाचता येईल असा ठेवा.