दंड भरून जिना रुंदावत नाही

विनापरवाना किंवा नकाशाबाहेर झालेले बांधकाम दंड घेऊन नियमित करणारी कर्नाटकची ‘अक्रम-सक्रम’ योजना अनेक सरकारांनी हाताळली आणि एकालाही ती धड राबवता किंवा गुंडाळता आली नाही. २०१४ मध्ये तिचे नियम निघाले. १९ ऑक्टोबर २०१३ पर्यंतच्या निवासी इमारतींचे ५० टक्क्यांपर्यंतचे आणि व्यापारी इमारतींचे २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन पैसे भरून माफ होणार होते. डिसेंबर २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने योजना उचलून धरली आणि महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. स्थगिती योजनेला होती. मजले चढतच राहिले.

हे चढणे पाहायचे असेल तर बेंगळुरूच्या शिवाजीनगरात जावे. १९२७ च्या रसेल मार्केटच्या आसपास, कमर्शियल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या छावणीतल्या गल्ल्या आहेत. तळाला दुकानाचा गाळा, वर गोदाम किंवा शिवणकाम, त्यावर भाडेकरू, सर्वांत वर मालकाचे कुटुंब आणि त्याच्याही वर पत्र्याची खोली. जिना एकच, तोही मालाच्या गठ्ठ्यांनी अर्धा अडलेला. शेजारच्या दोन इमारतींचे सज्जे एकमेकांना टेकायला आलेले आणि मधून विजेच्या तारांचे जुडगे. मुलाचे लग्न झाले, खोली चढली. दुकानाचे भाडे वाढले, पोटमाळा निघाला. यातली कित्येक घरे नगररचनेच्या आजच्या नियमांहून जुनी आहेत. मूळ मंजूर नकाशाच हाती नसेल, तर ५० टक्के कशाचे मोजायचे?

माफीची टक्केवारी कागदावरच्या नकाशाशी बांधलेली आहे. इमारतीत राहणाऱ्याचा जीव मात्र जिन्याची रुंदी, बाहेर पडायची दुसरी वाट, पायाची ताकद आणि अग्निशमनाची गाडी गल्लीत शिरते की नाही यावर टांगलेला असतो. २३ फेब्रुवारी २०१० रोजी याच शहरातल्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली आणि नऊ जण दगावले. ते दाटीच्या वस्तीतले घर नव्हते, ओल्ड एअरपोर्ट रोडवरची काचेची व्यापारी इमारत होती. तरीही धूर जायला जागा मिळाली नाही आणि माणसांना वाट मिळाली नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, खुद्द रसेल मार्केटचे अनेक गाळे रात्रीत जळाले. सामासिक अंतर हा अधिकाऱ्यांचा छंद आहे असे समजणाऱ्यांनी या दोन आगी आठवाव्यात. सोडायची जागा एकदा बांधून काढली की कितीही दंड भरा, ती परत मिळत नाही.

कर्नाटकाला नावे ठेवण्याचा अधिकार महाराष्ट्राला मुळीच नाही. उल्हासनगरसाठी आपण २००६ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याची मुदतरेषा १ जानेवारी २००१ होती; २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० वर आणून ठेवली. नगररचना कायद्यात २०१७ मध्ये कलम ५२-क घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना प्रशमन शुल्काची वाट करून दिली. तारीख जाहीर होते, पुढे सरकते, आणि ‘आज बांधा, उद्या नियमित होईल’ हा बिल्डरचा शब्द खरा ठरतो. मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ रोजी जी इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तिला कसलीच परवानगी नव्हती आणि ती काही महिन्यांतच उभी राहिली होती. त्या प्रकरणात अटकेची साखळी महापालिकेच्या उपायुक्तापर्यंत पोहोचली. एरवी ती वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्यापर्यंतही जात नाही.

नियमित करण्याच्या योजनांचा सर्वांत सोयीचा भाग हाच आहे. दंड मालकाने भरायचा. चौथा स्लॅब पडताना ज्याने गल्लीतून फेरी मारली आणि नोटीस काढून ती फाईलमध्ये दाबून ठेवली, त्याच्या सेवापुस्तकात शाईचा ठिपका पडत नाही. नियमबाह्य मालमत्तांकडून कर वसूल करता यावा म्हणून बेंगळुरूत ‘बी-खाते’ ठेवले गेले. म्हणजे पालिकेला ही घरे ठाऊक होती, त्यांचे पैसे चालत होते. फक्त त्यांच्याकडे पाहायचे नव्हते. त्यात सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. मंजुरी मागायची ती निवडून दिलेल्या कोणाकडे, हेही शिवाजीनगरच्या रहिवाशाला सांगता आले नसते.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिले. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याची जोडणी नको, चुकीचे दाखले देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई हवी. त्यातला पहिला भाग लगेच अमलात आला, कारण मीटर नाकारणे सोपे असते. बेंगळुरूत हजारो घरे अंधारात अडकल्यावर राज्य सरकारला १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील घरांसाठी सूट काढावी लागली. दुसऱ्या भागाची अशी धावपळ काही कानावर आली नाही.

सगळी वाढीव बांधकामे पाडा, हा आग्रह बंगल्यात राहणाऱ्यांना परवडतो. शिवाजीनगरात बुलडोझर शिरला तर मालकाआधी भाडेकरू आणि शिलाई मशिनवरचा कारागीर रस्त्यावर येईल. पण सरसकट माफी ही त्याच कारागिराला आगीच्या तोंडी ठेवणारी दया आहे. लहान भूखंडावर कायदेशीर मार्गाने नकाशा मंजूर करून घेणे आजही इतके जिकिरीचे आहे, की माणूस आधी बांधतो आणि मग माणूस शोधतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या गल्लीला नव्या लेआऊटचे सामासिक अंतर लावाल, तर अर्ज करणारा पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरतो. जुन्या दाट वस्त्यांसाठी पाळता येतील असे वेगळे नियम आधी हवेत. माफीचा विचार त्यानंतर.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या. शिवाजीनगर आता मध्य बेंगळुरूच्या वाट्याला आले आहे. नव्या पालिकेने टक्क्यांचे तक्ते बाजूला ठेवून गल्लीवार तपासणी करावी. जिथे दुसरा जिना, अग्निरोधक दार आणि सुरक्षित वायरिंग करता येते, तिथे ते आधी करून घ्यावे आणि मगच पावती फाडावी. जिथे पाया वरचा मजला पेलत नाही, तिथे तो मजला उतरवावाच लागेल, आणि त्या मजल्यावरच्या भाडेकरूची सोय मालकाकडून जमा झालेल्या दंडातून व्हावी. तो पैसा सर्वसाधारण तिजोरीत जाऊन रस्त्यांच्या डांबरात मिसळता कामा नये. आणि प्रत्येक नियमित केलेल्या इमारतीच्या आदेशावर, ती चढत असताना त्या वॉर्डात कोण अभियंता होता, त्याचे नाव छापलेले असावे.