नव्वद दिवसांत शंभर किलो: एक खोटं गणित

जळगावात किंवा धुळ्यात आज कुठल्याही वस्तीत जा. जुनी तालीम शोधायला विचारपूस करावी लागेल, जिमचा फ्लेक्स मात्र नाक्यावरच दिसेल. वर कुणा परदेशी बॉडीबिल्डरचा फोटो, खाली 'फक्त नव्वद दिवसांत' अशी हमी. आत गेलात की पोरांचा एकमेकांना एकच प्रश्न असतो, "काय भो, बेंच किती मारतो?" पळतो किती, दंड किती काढतो, झोपतो किती, हे कुणी विचारत नाही. बेंच प्रेसचा आकडा हीच आता मर्दानगीची मार्कशीट झाली आहे. त्या मार्कशीटवर तीन महिन्यांत शंभर किलो दिसलेच पाहिजेत, असं आमच्या मुलांच्या डोक्यात भरवलं गेलं आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित नाही. पण हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल.

समजा, साठ किलो वजनाचा एक मुलगा पहिल्या दिवशी 40 किलो उचलतो. तो दर आठवड्याला न चुकता अडीच किलो वाढवतो असंही धरू. नव्वद दिवस म्हणजे साधारण तेरा आठवडे, म्हणजे साडेबत्तीस किलोची वाढ. बेरीज साडेबहात्तर. एकही आठवडा वाया न घालवता, आजारी न पडता, शंभर गाठता येत नाही. आता हाच वेग पुढे चालू ठेवा. एका वर्षात 170 किलो, दोन वर्षांत 300, आणि दोन वर्षं पाच महिन्यांत 355. अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सने 2021 मध्ये खास शर्टाच्या मदतीशिवाय 355 किलो उचलून विश्वविक्रम केला. म्हणजे फ्लेक्सवरच्या हिशेबापेक्षा कमी वेगानेही मेहरूणचा किंवा देवपूरचा प्रत्येक पोरगा अडीच वर्षांत जगज्जेता व्हायला हवा होता. झाला का?

होत नाही, कारण शरीर सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा भराभर चढतो तो मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. असलेले स्नायू एकत्र कसे वापरायचे, दांडी कुठल्या वाटेने खाली आणायची, हे मेंदू शिकत असतो. हा शिकण्याचा नफा लवकर संपतो. त्यानंतर खरोखरचं मांस वाढावं लागतं, आणि ते अन्न, झोप व महिने मागतं. म्हणून नवशिक्याला आधी दर आठवड्याला अडीच किलो वाढवता येतात, मग महिन्याला, आणि काही वर्षांनी वर्षभरात पाच किलो वाढले तरी ती कमाई असते. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची छोटी प्लेट लावायला आमची पोरं लाजतात. खरं तर रॅकमधलं सर्वांत इमानदार लोखंड तेच आहे.

मग खरी अपेक्षा काय ठेवावी? माझ्या पाहण्यातला अंदाज सांगतो, हमी नाही. साठ-पासष्ट किलोच्या निरोगी तरुणाने आठवड्यातून दोनदा नीट बेंच केला, तर वर्षभरात स्वतःच्या वजनाइतकं उचलणं ही चांगली प्रगती. शंभर किलो ही बहुतेकांसाठी काही वर्षांची गोष्ट, आणि काहींसाठी कधीच न येणारी. हात लांब, हाडं बारीक, वय जास्त, शिफ्ट रात्रीची, तर वेग आणखी कमी. त्यात बदनामी कसली?

आता एका खऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. पंजाबचे राजिंदरसिंग राहेलू. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये प्रकार एकच, बेंच प्रेस. 2004 च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 56 किलो गटात 157.5 किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत, वरच्या वजनी गटात, 185 किलो उचलून रौप्य. या दोन पदकांमध्ये दहा वर्षांचं अंतर आणि साडेसत्तावीस किलोंचा फरक. देशाचं पदक आणणाऱ्या माणसाच्या दोन पदकांत दहा वर्षांनी एवढा फरक दिसतो, आणि आमचा फ्लेक्स त्याच्या दुप्पट तीन महिन्यांत देतो!

या खोट्याने कुणाचं नुकसान होतं, असं कुणी विचारेल. होतं. चौथ्या महिन्यात आकडा अडकतो. आरसा तोच, शरीर तेच, पण मुलाला वाटतं आपल्यातच खोट आहे. मग दोन रस्ते उरतात. एक, सोडून देणं. वर्षाची फी आधीच भरलेली असते, म्हणून मुलगा आला काय, न आला काय, मालकाला फरक पडत नाही. दुसरा रस्ता शॉर्टकटचा. आधी हजारोंचा पावडरचा डबा, मग 'एक सुई घे, दम येतो'. ती सुई बहुतेकदा मेफेन्टरमाइनची असते. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर डॉक्टर ते वापरतात. पुण्यासह राज्यातल्या शहरांत व्यायाम करणाऱ्या पोरांना ते चोरून विकणारे पोलिसांनी पकडले आहेत. त्याने छाती रुंद होत नाही, फक्त हृदय जोरात धडधडतं. स्टेरॉइडने आकडा वाढतो हे खरं, पण शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, आणि हृदय व यकृताला त्याची किंमत मोजावी लागते.

वर यातली निम्मी मुलं पोलीस भरतीचं स्वप्न घेऊन आलेली असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांची मैदानी परीक्षा पन्नास गुणांची: 1600 मीटर धावणे 20, शंभर मीटर 15, गोळाफेक 15. बेंच प्रेसला शून्य. छाती 79 सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त हवी, ती काही शंभर किलोने येत नाही. ज्याने सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने धावायला हवं, तो खांदा दुखवून घेऊन घरी बसतो.

जिमवाले म्हणतात, "सर, मोठं स्वप्न दाखवलं नाही तर पोरं येणारच नाहीत." हे मी वर्गात रोज खोटं ठरताना पाहतो. आठवीच्या मुलाला 'महिन्यात शुद्ध मराठी' असं सांगितलं तर तो महिन्यानंतर वही मिटतो. 'आज पाच ओळी, उद्या सहा' सांगितलं तर वर्षाखेरीस निबंध लिहितो. स्वप्न मोठं असू द्या. तारीख मात्र खोटी देऊ नका.

आमच्या दोन्ही भाषांनी हे केव्हाच सांगून ठेवलं आहे. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, शब्द एकच. कसरत या शब्दाचा मूळ अरबी अर्थ आहे विपुलता, म्हणजे पुष्कळ वेळा करणं. एकदा जोर लावून दाखवणं म्हणजे कसरत नव्हे. आणि तालमीतला वस्ताद हा आमचाच उस्ताद. वस्ताद पोराला वर्षभर माती उकरायला लावायचा, तेव्हा त्याला पोराची घाई कळत नव्हती असं नाही.

वर्ष धरताना खरं वर्ष धरा. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये दांडी हाताला चटका देते. रमजानमध्ये रोजा ठेवून आकडा वाढवायचा नसतो. इफ्तारनंतर थोडे सेट करून आहे तेवढं टिकवलं की पुरे, महिन्याभरात ताकद पळून जात नाही. परीक्षा, लग्नसराई, पॉवरलूमची रात्रपाळी वजा करा. बारातले आठ-नऊ महिने हातात राहतात. तेवढे पुरतात.

आणि आकडा मोजायचाच असेल तर इमानाने मोजा. छातीवर आपटून उसळवलेली दांडी किंवा अर्ध्यातून परत नेलेली दांडी मोजायची नाही. स्पर्धेत दांडी छातीवर स्थिर थांबल्याशिवाय ढकलण्याची आज्ञाच मिळत नाही. दर आठवड्याला जास्तीत जास्त किती ते आजमावण्याचीही गरज नाही. साठ किलो आठ वेळा नीट उचलले, तर एका वेळची ताकद साधारण 76 किलो धरता येते. वजनाला गुणा एक अधिक आवर्तनं भागिले तीस, एवढाच हिशेब. डोक्याशी उभा राहणारा साथीदार असल्याशिवाय जड वजनाखाली जाऊ नका.

जिममालकांना माझी एकच मागणी आहे. फ्लेक्सवरून 'नव्वद दिवस' काढा, आणि प्रत्येक मुलाला प्रवेशाच्या दिवशी एक वही द्या. आईबापांनी डब्याच्या पैशांऐवजी अंडी, हरभरे, दही आणि आपली केळी आणावीत. साठ किलोच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, ती बरीचशी घरच्या ताटातून निघतात. आणि पोरांनो, पुढच्या वेळी कुणी "बेंच किती मारतो?" विचारलं, तर आकड्याआधी सांगा की किती महिन्यांपासून मारतो.